वहिनीचं गणित, वन्संचं इंग्रजी

कॉलेजातली पोरं तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणत. अंगानं सरळसोट, बोलणंही तसंच, आणि समोर येईल त्याला डोक्यापासून पायापर्यंत मापून घ्यायची सवय. तिला हे नाव ठाऊक होतं. "बरं आहे, टेप नाही म्हणत," ती घरी सांगायची, "नाहीतर वाकावं लागलं असतं."

पहिल्या वर्षाला गणित शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. दर वर्षी तेच. शाळेतून चांगले गुण घेऊन आलेली पोरं पहिल्याच चाचणीत गडगडायची. मग त्यांना पूर्वतयारीच्या वर्गात बसवायचं. त्या वर्गाचे गुण पदवीत धरत नसत. पोरं खट्टू व्हायची, एकेक करून गळायची. शेवटी कॉलेजनं ठरवलं, शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच इंग्रजी आणि गणिताची चाचणी घ्यायची, म्हणजे कोण तयार आहे ते आधीच कळेल. काम फूटपट्टीच्या गळ्यात पडलं, आणि शाळा निघाली नेमकी तिच्या नणंदेची.

नणंद तिथे इंग्रजी शिकवायची. वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी.

चाचणी झाली. बहुतेकांच्या नावापुढे फूटपट्टीनं 'तयार नाही' लिहिलं आणि पेपर परत दिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. शाळेच्या फुटबॉल संघाची ती गोलकीपर, सगळे तिला त्याच नावानं हाक मारत.

"बाई, तयार नाही म्हणजे नक्की कशाला तयार नाही?"

"कॉलेजला."

"ते कळलं हो. पण मी करू काय आता?"

इतकी वर्षं फूटपट्टी पोरांना मोजत आली होती, पण माप कमी भरलं तर पुढे काय, हे कुणी तिला विचारलंच नव्हतं. "इकडे ये," ती म्हणाली आणि खडू मुलीच्या हातात दिला.

समीकरण दिलं, गोलकीपरनं सोडवलं. अपूर्णांक दिले, थोडी अडखळली, पण सुटले. मग बाईंनी पेपरातलं इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण वाचायला लावलं. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर.' मुलीनं बेधडक लिहिलं, पाच वजा एक्स.

"असं का लिहिलंस?"

"जसं वाचलं तसं. आधी पाच, मग लेस, मग नंबर."

"अगं, एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यातून पाच काढायचे. एक्स वजा पाच!"

"मग तसं सरळ का नाही लिहीत?" गोलकीपर म्हणाली. अख्खा वर्ग हसला, आणि फूटपट्टीही.

त्या दुपारी तिनं पेपर पुन्हा चाळले. आकडेमोड बऱ्याच जणांना येत होती. घोडं अडत होतं ते वाक्यापाशी.

रविवारी नणंद जेवायला आली, तेव्हा तिनं विषय काढलाच. "वन्सं, राग मानू नका, पण तुमच्या इंग्रजीपायी माझ्या गणिताची पोरं बुडतायत."

"वा गं वा! नाचता येईना अंगण वाकडं!" नणंदेचा घास हातातच राहिला. "मी निबंध शिकवू की तुझी उदाहरणं?"

"दोन्ही."

"आणि तू काय करशील?"

फूटपट्टीचा नवरा एकदा बहिणीकडे, एकदा बायकोकडे बघत होता. "मी भांडी घासतो," म्हणून तो उठला. आजवर स्वतःहून कधी उठला नव्हता.

पाणी वाहत राहिलं, भांडण चालू राहिलं. भांडी आटोपली तोवर दोघींचं ठरलं होतं: आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर, एकाच वर्गात दोघींनी मिळून शिकवायचं.

खोली मिळाली ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. उंच स्टुलं, डाग पडलेली टेबलं, गळका नळ. नणंद उदाहरण वाक्य-वाक्य करून वाचायची, वहिनी ते फळ्यावर चिन्हांत उतरवायची. कधी उलट करायच्या. समीकरण द्यायच्या आणि पोरांनी त्याची गोष्ट लिहायची. गोलकीपरच्या गोष्टीत कायम दुसरा संघ हरायचा.

एकदा गोलकीपरनं परिच्छेद लिहिला. शाळा उशिरा भरावी, देअरफोर मुलं जास्त शिकतील. नणंद लाल पेनानं नेहमीचा शेरा मारणार, एवढ्यात फूटपट्टी खांद्यावरून डोकावली.

"हे देअरफोर कुठून आलं? मधली पायरी कुठंय?"

"कसली पायरी, बाई?"

"उशिरा भरली तर झोप पुरेल. झोप पुरली तर लक्ष लागेल. मग देअरफोर. गणितात पायरी गाळलीस तर मी गुण देते का?"

नणंदेनं पेन खाली ठेवलं. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "मी इतकी वर्षं नुसतं 'अस्पष्ट' लिहून मोकळी व्हायचे."

फूटपट्टीनं चाचणीचा अहवालही बदलला. 'तयार नाही'च्या जागी प्रत्येकाला काय येतं, कुठे अडतं आणि पुढे काय करायचं, हे तिनं लिहिलं. कॉलेजचे प्राचार्य कुरकुरले, "बाई, रकान्यात एवढं मावत नाही."

"मग रकाना मोठा करा, सर."

वर्षाअखेरीस चाचणी पुन्हा झाली. निम्म्याहून जास्त पोरं दोन्ही विषयांत पार झाली. काही राहिलीच. दोघा-तिघांनी तर वर्गाला येणंच सोडलं होतं, त्यांची रुखरुख फूटपट्टीला लागून राहिली. गोलकीपर गणितात सुटली, इंग्रजीत थोडक्यात हुकली. ती निकाल घेऊन प्रयोगशाळेत आली, तेव्हा नणंदेचाच चेहरा उतरला होता.

"बाई, तुम्ही का रडवेल्या होताय? एक गोल तर अडवला ना!"

आता गोलकीपर कॉलेजात आहे. सकाळी इंग्रजीचा पूर्वतयारी वर्ग, त्यानंतर सगळ्यांबरोबर पहिल्या वर्षाचं गणित. फूटपट्टीच्या तासाला पहिल्याच बाकावर बसते आणि इतके प्रश्न विचारते, की धडा पुढे सरकत नाही. परवा एकदा तास संपल्याची घंटा झाली तरी दोघी फळ्यापाशी वाद घालत उभ्या होत्या, आणि पुढच्या तासाचे सर दारात ताटकळत होते.