बुटाचा गोल

आमचे मेहुणे दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतात. चेहरा मात्र दोन्हीकडे बंद पडलेल्या लिफ्टचाच. सरावात जो हसेल त्याने मैदानाला एक फेरी मारायची, हा त्यांचा नियम. त्यामुळे सोळा पोरांतली सातच उरली. आणखी एक गळालं असतं, तर टीमच बंद झाली असती.

“तुमच्यासमोर मलासुद्धा हसायची चोरी, तिथे पोरांचं काय घेऊन बसलात?” आमची बहीण त्यांना म्हणायची.

परवा ते इतके दमून आले होते, की बुटाची नाडी बांधायला वाकवेना. तशीच किक मारून दाखवली. चेंडू जागेवरच राहिला आणि बूट थेट जाळ्यात गेला. फेरीच्या धाकाने पोरांनी ओठ गच्च मिटले. शेवटी सगळ्यात लहान मुलीने विचारलं, “सर, हा गोल धरायचा का?”

मेहुणे मटकन खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पुढच्या सरावाला अकराजण आले, सगळ्यांच्या नाड्या सैल.

“बरं, आधी पाच मिनिटं बूट उडवा,” मेहुणे थकल्या आवाजात म्हणाले, “तेवढीच माझी पाठ टेकेल.”