तेलमावशीची रांग

पूल संपला तेव्हा मावशीने तिसऱ्यांदा विचारलं, "आलं का गं काही?"

"नाही आलं. पायाखाली बघ आधी, पुढे पायरी आहे."

"दिसतंय कुठे मला!"

डोळ्यांच्या दवाखान्यातून दोघी घरी निघाल्या होत्या. थेंब घातल्यामुळे मावशीला सगळं धूसर दिसत होतं, तरी रिक्षा नको म्हणाली. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग घरात कोंडून राहायचं. आज पाय मोकळे होऊ देत. भाचीचा दंड धरून ती चालत होती. मोबाइल भाचीच्या हातात आणि मावशीचा जीव मोबाइलमध्ये.

मावशी शिलाई मशीन दुरुस्त करते. बाजारामागच्या गल्लीत एका खोलीचं दुकान, दारात खोललेली मशीनं, आत तेलाचा वास. यजमानांच्या हाताखाली काम शिकली आणि ते गेल्यावर एकटीने चालवलं. कोणी काहीही विचारो, पहिलं उत्तर ठरलेलं: "आधी तेल घाला." म्हणून गल्लीला ती तेलमावशी. पुढे ती दुरुस्तीचे छोटे व्हिडिओ टाकू लागली, आणि लांबलांबच्या शिवणाऱ्या बायका त्याखाली अडचणी लिहू लागल्या. एकीचं मशीन जाम झालं होतं. मावशीने उपाय सांगितला. बाईने त्यावर पुन्हा विचारलं, पण ते नव्या गर्दीखाली बुडालं. मावशीच्या नजरेस पडेपर्यंत बाईने मशीन भंगारात देऊन टाकलं होतं.

"शटलमध्ये, खाली बॉबिन बसते तिथे, दोऱ्याचा गुंता असणार गं, दुसरं काही नाही," मावशी अजून हळहळते.

त्यानंतर तिने सगळीकडची फीड, म्हणजे नव्या मजकुराच्या याद्या, एकत्र आणणारं एक ॲप घेतलं. जिथे जिथे तिचे व्हिडिओ, तिथे खाली येणाऱ्या प्रतिक्रियांचं फीड त्याला जोडलं. एकेका व्हिडिओचं वेगळं, चष्मा नाकावर सरकवत. आता कोणी कुठेही लिहो, सगळं एका रांगेत येऊन बसतं. ॲप नवं वर दाखवायचं, ते हिने उलटं करून घेतलं. "दुकानात आधी आलेलीला आधी बघतो ना आपण? मग इथे का नाही?" उत्तर दिल्याशिवाय कशावरही 'वाचलं'ची खूण करायची नाही, हा दुसरा नियम.

सुरुवातीला फजितीही झाली. तिची स्वतःची उत्तरंही त्या रांगेत येऊन उभी राहायची. नाव न बघता हिने त्यातल्या एकाला झापलं, "बाई, आधी तेल घाला!"

भाचीला ते आठवून आत्ताही हसू फुटलं. "स्वतःलाच दम भरणारी तूच पहिली."

"हस तू. सल्ला बरोबर होता की नाही?"

मोबाइल वाजला. मावशी जागीच थांबली. "गणवेशवाली?"

या बाईचं मशीन शाळेच्या गणवेशांची ऑर्डर अर्ध्यावर असताना अडलं होतं. कपडे वेळेत गेले नाहीत, तर शाळा पुन्हा तिच्या दारात येणार नव्हती. मावशीने काल तिला शटल काढून साफ करायला सांगितलं होतं.

भाचीने वाचलं. "तीच आहे. 'गुंता निघाला. चाक फिरतंय, पण टाका पडत नाही. सुई मोडेल म्हणून थांबले.'"

"मोडली नाही ना? मग अर्धं काम झालं. लिही: सुई काढून पुन्हा पार वरपर्यंत बसव. चपटी बाजू आधी होती तिकडेच हवी. जवळून फोटो पाठव."

भाचीने रस्त्याच्या कडेला उभं राहून लिहिलं, पाठवलं. मनातल्या मनात देवाला हात जोडले. मावशीच्या डोळ्यांसाठी की त्या परक्या बाईच्या मशीनसाठी, तिलाच सांगता आलं नसतं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मावशीने तिचा दंड घट्ट धरला. "उद्यापासून रांग तुझ्याकडे. मनाने उत्तर देऊ नकोस हं, मला वाचून दाखव. पट्टी डोळ्यावर असेल, कानांवर नाही."

"जुनं आधी. माहीत आहे मला."

मावशीने चाचपून भाचीच्या हातातल्या मोबाइलवर बोट ठेवलं.

"जुनंच आधी. पण गणवेशवालीचा फोटो आला ना, तर तेवढी रांग मोड. सुई कशी दिसतेय ते मला नीट सांग. मी झोपले असले तरी उठव."