तिसऱ्या पायरीचं पाणी

नोटीस त्यांना मिळाली, पण चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो.

कुठलाही नकाशा समोर आला, की ते त्यावर बोट टेकवून विचारायचे, “हितं कोन ऱ्हातंय, सायेब?” ज्यांना नोटीस मिळाली, ते सांगलीच्या आमच्या कार्यालयात नकाशे काढायचे; मी त्यांचा साहेब. मूळचे जतकडचे, मेंढपाळाच्या घरातले. चालून कधी दमायचे नाहीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

कृष्णाकाठच्या गावात गेले, की ते आधी म्हाताऱ्यांना गाठायचे. काठावर पुराचं पाणी कुणी फुटात सांगत नाही, देवळाच्या पायऱ्यांवर सांगतात. तिसऱ्या पायरीला पाणी लागलं, की ओढा फुगतो आणि नदीकाठच्या मळीच्या रानातल्या वस्तीची वाट बुडते. असं सगळं त्यांच्या वहीत असायचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुराच्या तयारीसाठी नकाशे संगणकावर घ्यायचं ठरलं. हे काम स्वस्तात होतं, असं वरिष्ठांना पटवायचं होतं मला. पायऱ्यांची उंची मोजून ती वही संगणकात भरायची, तर माणसं हवीत, महिने हवेत. मी खर्चातलं ते कलमच खोडलं.

“आवं, वाट हाय एवढंच कळंल त्या संगणकाला. कवा बुडती, ते कसं कळायचं?” त्यांनी बैठकीत विचारलं.

“तुमच्या पायऱ्या त्यात बसत नाहीत,” मी म्हणालो. सगळे हसले. तेही हसले.

पुढं पूर आला, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर त्या वस्तीची वाट कोरडी होती. होडी मी दुसरीकडे पाठवली. वस्तीवरची माणसं दोन दिवस छपरावर होती. एक म्हातारा तिथंच गेला.

चौकशीत मी लिहिलं, ‘क्षेत्रीय माहिती उपलब्ध नव्हती.’ ती आणायचं काम त्यांचं, म्हणून नोटीस त्यांना. वही दाखवली असती तर ते सुटले असते.

“दाखवली तर तुमी अडकताय,” ते म्हणाले. “तुमची पोरं ल्हान हायती.”

नोटिशीचा डाग घेऊन ते तसेच निवृत्त झाले. पुढं विश्रामबागेतल्या त्यांच्या खोलीवर मी माफी मागायला गेलो.

“मला कशाला? वस्तीवर जावा. तितं कोन ऱ्हातंय, ठावं हाय न्हवं?”

मी टाळत राहिलो. ते गेल्याचं कळलं, तेव्हा कुठं कार्यालयाला खरं काय ते लेखी दिलं आणि वस्तीवर गेलो. त्या म्हाताऱ्याची बायको दारात शेंगा फोडत होती. मी कार्यालयाचं नाव सांगितलं.

“मग वहीवालं पावणं न्हाई आलं?”

“ते वारले, आजी. तुमची वाट बुडते, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. होडी मी पाठवली नाही. माझं चुकलं.”