‘व्हय’च्या पुढचा शब्द

देशमाने सरांनी शॉट पुन्हा लावायला सांगितला. मी पाचव्यांदा लावला. स्क्रीनवर मेंढरांचा वाडा, त्याच्या तोंडाशी दोन भाऊ. थोरला विचारतो, "झालं गेलं इसरलास का?" धाकटा म्हणतो, "व्हय." मग अकरा सेकंद कुणी बोलत नाही. एक मेंढरू खोकतं. आणि जागचा न हलता धाकटा म्हणतो, "न्हाय."

"हा माझा सिनेमा," सर म्हणाले. "लोकांनी बघितला तो दुसराच."

माझा धाराशिवात स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे एडिटिंग, पण आमच्याकडं अजून तोच शब्द चालतो. सर शाळेत मराठी शिकवायचे. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी गावोगावची माणसं गोळा करून ‘बांधावरचा भाऊ’ नावाचा सिनेमा केला. थिएटर काही मिळालं नाही. मग व्हीसीडी काढल्या आणि त्या मात्र येरमाळ्याच्या यात्रेत, एसटी स्टँडावर, पानटपरीवर हातोहात गेल्या. लोकांना डायलॉग पाठ झाले. शेवटचा ‘व्हय’ तर म्हणच होऊन बसला. बांधावरून भांडलेले भाऊ परत बोलायला लागले, की आमच्याकडं म्हणतात, "त्यांचा व्हय झाला."

व्हीसीडीत सिनेमा ‘व्हय’वर संपतो. ‘न्हाय’ कुणी ऐकलाच नव्हता. सरांच्या कपाटात आता मास्टर कॅसेट सापडली होती आणि त्यांना डायरेक्टर्स कट हवा होता. म्हणजे दिग्दर्शकाच्या मनात होता तसा सिनेमा. तो शब्द निर्मात्यानं कापला, लोकांना गोड शेवट लागतो म्हणून कापला, असं सर इतकी वर्षं धरून बसले होते. निर्माते आता हयात नाहीत.

कापला मी होता.

एका डिस्कवर सव्वा तासाच्या वर फारसं मावायचं नाही. दोन डिस्कमध्ये सिनेमा बसवायचा होता आणि शेवटाला वीस सेकंद जास्त होत होते. मिक्सिंग माझ्याकडं होतं, मी नवा होतो, यात्रा तोंडावर होती. ‘व्हय’वर कात्री मारली. कुणाला विचारलं नाही. आणि पुढं लोकच इतके खूश झाले, की सांगायची वेळ निघून गेली. म्हणजे, असं मी स्वतःला सांगत आलो.

आता ‘न्हाय’ परत जोडायचा म्हणजे जिवावर येत होतं. खरा सिनेमा कुठला? सरांनी केलेला, की लोकांनी पाहिलेला? काही सुचेना, म्हणून अणदूरला लिंबानानांकडं गेलो. धाकट्या भावाचं काम त्यांनी केलेलं. हाडाचे मेंढपाळ. त्या एका शब्दामुळं गावात त्यांना मान. भाऊबंदकीची बैठक असली, की नानांना आधी बोलावणं जातं.

त्यांना म्हटलं, नाना, आता तुम्ही सिनेमात माफ करणार नाही. लोक काय म्हणतील?

नानांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "सरांनी न्हायच म्हणायला सांगितलं हुतं. माझ्या तोंडून व्हय गेलं. मग आठवलं, म्हनून न्हाय म्हटलं."

"म्हणजे व्हय चुकून आला?"

"चुकून आला, पर खरा आला. आता तुमीच बघा कुठला ठिवायचा."

मी गेलो होतो त्याहून जास्त गोंधळून परत आलो. सरांना हे सांगितलं, तर ते आणखीच खुलले. "अरे, माणूस व्हय म्हणतो आणि मग त्याला आठवतं. तेवढ्यासाठी तर तो टेक ठेवला मी." मी शब्द जोडला. आवाजाची लेव्हल तीनदा तपासली.

येरमाळ्यात एका मंगल कार्यालयात दुपारी शो ठेवला. हॉल गच्च भरला. बाया लेकरं घेऊन आल्या होत्या. सर पुढच्या रांगेत, नाना त्यांच्या शेजारी. लोक प्रत्येक डायलॉग नटाच्या आधी म्हणत होते. शेवट आला. थोरल्यानं विचारलं. आणि अख्ख्या हॉलनं एका सुरात सांगितलं, "व्हय!"

मग शिट्ट्या, टाळ्या. मागच्या पोरांनी नानांच्या नावानं ओरडायला सुरुवात केली. निम्मे लोक उठून चपला शोधू लागले. पडद्यावर अकरा सेकंद गेले. तिथल्या नानांचे ओठ हलले. ‘न्हाय’ कुणालाही ऐकू आला नाही. ते बघून मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लगेच लाजही वाटली.

हॉल रिकामा झाल्यावर सर माझ्याकडं आले. "आवाज कमी होता का रे?"

"नाही सर. बरोबर होता." आणि मग बोलूनच टाकलं. "तेव्हा मीच कापला होता. डिस्कवर जागा नव्हती."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती कमी पडत होती?"

"वीस सेकंद."

"शेवटी नावं होती की. चांगली मिनिटभर. ती का न्हाय कापली?"

हा प्रश्न वीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. नावांच्या अगदी तळाला एक ओळ होती, मिक्सिंग म्हणून माझी. नाव पडद्यावर यायची ती पहिलीच वेळ.

सरांना ते सांगावं लागलं नाही. मी खाली मान घालून विचारलं, नव्या कटमधनं माझं नाव काढू का?

"राहू दे," सर म्हणाले. "कापलंयस, तर सही पायजे."

एवढं बोलून ते नानांना घेऊन चहाला गेले. मला बोलावलं नाही. सिनेमा आता दोन्ही तऱ्हेचा मिळतो, आणि लोक अजून ‘व्हय’वालाच मागतात. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. फाइल मोठी झाली, की आधी नावं काढायची, आणि त्यातलं पहिलं स्वतःचं.