घरी नेऊ न देणाऱ्या बाई

जुन्या जालन्यातल्या आमच्या डॉक्टरबाई पक्क्या भांडकुदळ. त्यांच्या दवाखान्यात कुणी ‘घरी नेतो’ म्हटलं की त्या खुर्चीवरून उठायच्या आणि बोलणारा आपोआप मागे सरायचा. मला त्यांची भीती वाटायची. आता वाटतं, असं भांडणारं माणूस प्रत्येक गावात एक तरी हवं.

ऐंशीच्या दशकात माझ्या ताईला आम्ही धावड्याहून त्यांच्याकडे आणलं. काविळीचा झाडपाला देऊन झाला होता, मनगटावर तापल्या सळईचा डागही देऊन झाला होता. बाईंनी तो डाग पाहिला आणि एक शिवी कशीबशी गिळली. मग ताईला म्हणाल्या, “एसटी थांबवती ना, तसा हात धर.” ताईचा पंजा नुसता फडफडू लागला. “लिव्हर बंद पडून राह्यलं. विष डोक्यात चढून राह्यलं,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ताई आईलाही ओळखेना. मग शुद्धच हरपली.

जीव घरच्या ओसरीवर जावा, ही आमच्याकडची रीत. वडील, म्हणजे तात्या, जीप घेऊन आले. मागे गादी अंथरलेली, भावकीत निरोप गेलेले.

“बाई, पोरगी गेल्यात जमा हाय. वाटंत गेली तर लई वाईट. नेऊ द्या.”

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “तात्या, लिव्हर पुन्हा वाढतं. थोडंसं जरी तगलं ना, तर बाकीचं तेच उभं करतं. त्याला जरा वेळ पाह्यजे. तुम्ही जल्दी करून राह्यले.”

“आन् न्हाई वाढलं तर?”

“तर मरंल. पण इथं मरंल, माझ्यासमोर. तुमच्या जीपमधी धक्के खात न्हाई!”

जीप रिकामी परतली.

पुढे ताईचा पिवळेपणा जरा उतरल्यासारखा वाटला, तर आम्ही हरखलो. बाई खेकसल्या, “रंग नका पाहू, शुद्ध पाहा.” शेजारच्या खाटेवर राजूरचा एक तरुण होता, त्याचंही हेच दुखणं. तो गेला. बाई भिंतीकडे तोंड करून रडल्या, डोळे पुसले आणि लगेच ताईचं सलाईन तपासायला आल्या.

एका सकाळी बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, तेव्हा ताईनं डोळे उघडले आणि म्हणाली, “तो रेडिओ बंद करा आधी.” तात्या हमसून हमसून रडले. मग त्यांनी बाईंना विचारलं, “तुम्हाला म्हाईत होतं, वाचंल म्हणून?”

“बिलकुल न्हाई. मला तर वाटून राह्यलं होतं, जाईल. पण मला वाटलं म्हणून काय जीप भरायची?”

बाई गेल्याचं कळलं तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. तात्या, ताई आणि मी, तिघेही जालन्याला गेलो. तिरडी उचलताना ताई खांदा द्यायला पुढे झाली. तात्यांनी तिचा हात धरला, “बायका न्हाई देत खांदा.”

“तात्या, मी जिवंत हाय. सरका.”

तात्या सरकले.