लग्नाच्या वाढदिवसाचं उष्टं

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या आठवड्याच्या रविवारी मुलीनं आम्हाला सांगलीला जेवायला बोलावलं. ती आणि जावई माधवनगरला भाड्यानं राहतात, दोघंही नोकरी करतात. सांगलीच्या बाहेर एक नवं हॉटेल झालंय, तिथं रविवारी दुपारी स्टेकचा बुफे असतो, पाहिजे तेवढं खायचं, असं तिनं फोनवर सांगितलं.

स्टेक हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. माझ्या नवऱ्यानं अठरा वर्षं खंडाळ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात आचारी म्हणून काढली. आसपासच्या कंपन्यांत बाहेरदेशचे इंजिनियर यायचे, ते तिथं उतरायचे. त्यांच्यासाठी मटणाचे, चिकनचे जाड तुकडे तव्यावर भाजून द्यायचे, हे ह्यांचं काम. पुढं गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा ते नोकरी सोडून साताऱ्याजवळ आमच्या गावी आले आणि आता दोन एकर ऊस बघतात. एवढ्या वर्षांत टेबलाशी बसून दुसऱ्यानं केलेला स्टेक त्यांनी कधी खाल्ला नव्हता. मुलीच्या डोक्यात तेच होतं. या वेळी पप्पांनी बसायचं आणि दुसऱ्यांनी वाढायचं, असं ती म्हणत होती. बुफेत कुणी वाढत नसतं, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

मी माहेरची वडूजकडची. वडिलांची मेंढरं होती. मटण रोजचं नव्हतं, पण जे व्हायचं ते सकाळी कापलेलं आणि दुपारी संपलेलं. वजडी धुण्यापासून मुंडी भाजण्यापर्यंत सगळं मी लहानपणापासून केलंय. मांसाची किळस म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाई नाजूक दिसतीय.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. मी लग्नात भावानं घेतलेला शालू नेसले होते, ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. स्टँडवर जावई गाडी घेऊन आले.

हॉटेलच्या दारात फुगे लावले होते. आतला हॉल थंडगार आणि पूर्ण बंद, एकही खिडकी उघडी नाही. आत पाऊल टाकल्याबरोबर नाकात वास गेला. कसला तरी गोडसर अत्तराचा फवारा मारलेला होता आणि त्याच्या खाली थिजलेल्या चरबीचा वास होता. फवारा होता म्हणून तो जास्तच लागत होता. भिंतीकडेला झाकणाची मोठी भांडी मांडलेली, खाली बारीक जाळ. एकात मटणाचे स्टेक, एकात चिकनचे, एकात मासा, पुढं भात, नूडल्स, केक.

लोक भांड्यांना वेढा घालून उभे होते. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं ताटात सहा-सात तुकडे रचून आणले. प्रत्येकाचा मधला मऊ भाग खाल्ला, कडा तशाच सोडल्या आणि पुन्हा उठला. त्याच्या बायकोनं एका तुकड्याला हात न लावता त्याचे चार फोटो काढले आणि ताट बाजूला सारलं. त्यांच्या मुलानं रश्शात कागदी रुमाल बुडवून ठेवला होता. टेबलाच्या पांढऱ्या कापडावर हाडं, चघळून टाकलेल्या शिरा, त्यावर ओघळलेला सॉस. माझी भूक तिथंच निम्मी झाली.

मुलगी आमची ताटं स्वतः भरून घेऊन आली आणि आमच्या तोंडाकडं बघत बसली. मी मटणाचा तुकडा तोंडात घातला. वरून तपकिरी, गोड, चिकट काहीतरी ओतलेलं होतं. आत मांस कोमट होतं, दाताखाली त्याचे दोरे होत होते, आणि मागून एक आंबूस चव घशाशी आली. थुंकून टाकावं असं वाटलं. पण पोरगी बघत होती, म्हणून मी तो पाण्याबरोबर गिळला.

ह्यांनी तुकडा कापला, नाकाजवळ नेला, मग सावकाश चावून खाल्ला. मी हळूच विचारलं, कसं हाय. बरं हाय, म्हणाले. पाहुण्यांच्या घरी जेवतानासुद्धा हा माणूस मटण कुठल्या भागाचं, किती शिजलं, मीठ कवा घातलं, सगळं सांगणार. त्या दिवशी नुसतं बरं हाय.

मी हात धुवायला उठले. बेसिनच्या वाटेवर स्वयंपाकघराचं दार होतं, ते क्रेट लावून उघडं ठेवलेलं. आत ह्यांच्याच वयाचा एक आचारी ओट्याशी उभा होता. त्याच्यासमोर हॉलमधून उचलून आणलेली ताटं होती. तो चमच्यानं ताटं निवडत होता. चावलेले तुकडे बादलीत, अख्खे दिसतील ते एका स्टीलच्या ट्रेमध्ये. एका तुकड्याला कुणाचा तरी दात लागलेला होता. त्यानं सुरीनं तेवढीच कड कापली आणि उरलेला ट्रेमध्ये ठेवला. वरून पातेल्यातलं तपकिरी ओतलं. वेटर आला, ट्रे उचलला आणि माझ्या अंगावरून हॉलकडं गेला.

आचाऱ्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. घाबरला नाही, दार लावलं नाही. थोडा वेळ बघितलं आणि पुढचं ताट ओढलं.

मी टेबलाशी येऊन सगळं सांगितलं. मुलीनं काटा खाली ठेवला. जावयांनी विचारलं, आई, तुम्हाला नीट दिसलं का, तो वेगळा ट्रे असेल. मी नवऱ्याकडं वळले.

"आवं, तुमी बोला. तुमाला यातलं कळतंय."

त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "जाऊ दे," म्हणाले, "आज नगं."

मला त्यांचा इतका राग आला की मी तशीच उठून भांड्यांपाशी गेले. तो नवा ट्रे आता मटणाच्या भांड्यात उपडा झाला होता. एक गृहस्थ चिमट्यानं त्यातला तुकडा उचलत होते, बरोबर बायको आणि म्हातारी आई. मी मोठ्यानं सांगितलं की हे लोकांच्या ताटातलं उष्टं आहे, आत परत भरताना मी आत्ताच बघितलंय. दोन-तीन टेबलांवरचं बोलणं थांबलं. त्या गृहस्थांनी हातातल्या तुकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"फक्त मटणाचंच का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, मी मटणाचंच बघितलं. त्यांनी तुकडा परत भांड्यात टाकला, शेजारचं झाकण उघडलं आणि आईच्या ताटात चिकन वाढलं. मागची रांग एक पाऊल डावीकडं सरकली. पाच मिनिटांत मटणापाशीसुद्धा माणसं उभी राहिली. त्या आचाऱ्यापेक्षा मला त्या रांगेची शिसारी जास्त आली.

एवढ्यात मॅनेजर केक घेऊन आला. गैरसमज झालाय, ते स्टाफच्या जेवणाचं होतं, असं हसत हसत सांगत त्यानं आमच्या टेबलावर केक ठेवला. हॉटेलकडून भेट, म्हणाला. मागं कुणीतरी गाणं लावलं. त्यानं माझ्या हातात सुरी दिली, तिची मूठ तेलकट होती. मी सुरी टेबलावर ठेवली आणि पदरानं बोटं पुसली, त्या शालूच्या पदरानं. मग आम्ही उठलो.

मुलगी गाडीत रडली. महिनाभर आधी तिनं हे ठरवलं होतं. जावई म्हणाले, मी त्यांचा रिव्ह्यू टाकतो. माधवनगर यायच्या आत मला गाडी थांबवायला सांगावी लागली. रस्त्याच्या कडेला मी ओकले. ह्यांनी माझी पाठ चोळली, बाटलीतलं पाणी दिलं. मुलीकडं चहा घेऊन आम्ही दिवस मावळायच्या आत गावी परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. मी चहा दिला आणि म्हणाले, तुम्ही काल बोलायला पाहिजे होतं. मी एकटी येड्यासारखी ओरडत होते.

ते विळा बाजूला ठेवून म्हणाले, "मला पहिल्याच घासाला कळलं हुतं. दोनदा तापवलेलं, वर सॉस. आमी बी तसंच करायचो."

मला वाटलं, ते शिळं तापवण्याबद्दल बोलतायत. तसं मी विचारलं.

"शिळं न्हाई. ताटातलं. मालक म्हणायचा, गिऱ्हाइकानं हात लावला न्हाई ते टाकायचं कशाला. पहिल्यांदा मला बी जमलं न्हाई. मग हाताला सवय झाली."

किती दिवस, असं मी विचारलं. शेवटची आठ-नऊ वर्षं, असं त्यांनी सांगितलं. कालचा आचारी दारातून दिसला असता तर त्यांना वेगळं काही वाटलं नसतं, हेही म्हणाले.

त्या आठ-नऊ वर्षांत मुलगी शाळेत होती. हे दर बुधवारी सुट्टीला यायचे आणि येताना स्टीलच्या डब्यात मटण आणायचे. हॉटेलचं मटण म्हणून ती शाळेतून पळत यायची. मी ते गरम करायची, तुकडे बोटांनी सोडवून तिला भरवायची. झाकणाला लागलेलं ती चाटून खायची.

"आणि डब्यातनं घरी आणायचा ते?" मी विचारलं.

त्यांनी विळा परत उचलला, अंगठ्यानं धार बघितली. मग म्हणाले, "चांगले तुकडे बघून आणायचो."

"ताटातले?"

"व्हय."

माझ्या तोंडात कालची ती आंबूस चव परत आली. पण तेव्हा ती चव कधीच लागली नव्हती. तेव्हा ते मला फार छान लागायचं. शेजारणीला वाटीभर देऊन मी मिरवायची. कुणाकुणाच्या दाताखालून आलेलं मी माझ्या हातानं पोरीच्या तोंडात घातलं, आणि हा माणूस समोर बसून आमच्याकडं बघायचा, हेच मला गिळवत नव्हतं.

मी भांडले नाही. आठवडाभर त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवले नाही, एवढंच. त्यांनी उचललेला तांब्या मी तोंडाला लावला नाही. त्यांना ते कळलं होतं. स्वयंपाकघरात येणं त्यांनी बंद केलं.

पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. हॉटेलवरून जाताना गाड्या लावायलासुद्धा जागा दिसली नाही, म्हणाली. मग म्हणाली, "आई, पप्पा डब्यातून आणायचे ना, तसं मटण कुठंच मिळत नाही." मी होय म्हणाले. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आता मी त्यांच्या शेजारी बसते, एका तांब्यातलं पाणीही पिते. पण मटण खात नाही. महिन्यातून एकदा ते आणतात, मी शिजवते, त्यांना वाढते आणि दही-भाकरी घेऊन बसते. माहेरच्या जत्रेतही मी नुसता भात खाल्ला, तेव्हा भावजयीनं विचारलं, वन्सं, माळ घातली काय. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, हल्ली पचत नाही.