काढलेली नळी परत टाकावी लागली

मंडळी, मी जळगावात आयसीयूत डॉक्टर आहे. आज घडलेलं सांगते.

पारोळ्याकडचे एक आबा न्यूमोनियामुळे आठ दिवस व्हेंटिलेटरवर होते. सकाळी मशीनचा आधार कमी करून अर्धा तास पाहिलं. श्वास नीट चालला, म्हणून नऊच्या सुमारास घशातली नळी काढली आणि मुलाला आत बोलावलं.

आबा बसक्या आवाजात म्हणाले, "म्हैसले चारा टाका का?" म्हशीला चारा टाकला का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मुलगा हसता हसता रडला.

बारापर्यंत आबा थकले. कफ खोकून बाहेर काढायची ताकद उरली नाही आणि ऑक्सिजन घसरू लागला. नळी परत टाकावी लागली.

मी बाहेर येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग काढली कशाला, मॅडम?"

"सकाळी सगळं ठीक होतं, भाऊ. तरी काहींना परत लागते. ताकद आली की पुन्हा प्रयत्न करू."

तो म्हणाला, "मी आईला फोन केला होता. आबा बोलले म्हणून सांगितलं. आता तिला काय सांगू?"

त्याला फोन लावायला सांगितला आणि त्याच्या आईशी मीच बोलले. आबा आता स्थिर आहेत.

नळी परत लागू शकते, हे मी मुलाला सकाळी सांगायला हवं होतं. त्याचा चेहरा पाहून ते राहून गेलं.

तुमच्या माणसाची नळी निघत असताना हे ऐकायची तुमची तयारी असेल का?